डाव्या बाजूचा हात

"किती लावायची, काका?" तेजस्विनी खैरनारने विचारलं. ज्या नजरेने मी बत्तीस वर्षं गॅरेजवाल्यांकडे पाहत आलो, त्याच नजरेने मी तिच्याकडे पाहिलं.

मी विमा कंपन्यांचा सर्व्हेअर होतो. श्रीरंग टिपणीस. नाशिक जिल्ह्यात आपटलेल्या, घासलेल्या, उलटलेल्या गाड्या बघायच्या आणि मालक किती खोटं बोलतोय ते ठरवायचं, हे माझं काम. "कुत्रं आडवं आलं" असं सांगणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या वाटेत कुत्रं आलेलंच नसतं. सर्व्हेअर अपघाताच्या वेळी कधीच हजर नसतो. तो मागाहून येतो आणि खुणा वाचतो. माणसं खोटं बोलतात, पत्रा बोलत नाही, या एका विश्वासावर मी नोकरी काढली आणि निवृत्तही झालो. घरात बायकोशीही मी त्याच विश्वासाने वागलो, हे मात्र मला फार उशिरा कळलं.

गाडी नवी होती. बॅटरीवर चालणारी, गडद निळी. निवृत्तीनंतरची हौस म्हणा. तिला पीपीएफ लावून घ्या, असं ज्याने त्याने सांगितलं. माझ्या पिढीच्या माणसाला पीपीएफ म्हटलं की पोस्टातलं पासबुक आठवतं. हे पीपीएफ वेगळं. गाडीच्या रंगावर चिकटवायची पारदर्शक फिल्म. खडी उडाली, कुणी किल्लीने ओरखडा काढला, तर तो फिल्मवर येतो, रंगावर नाही.

"तीन प्रकार आहेत," तेजस्विनी म्हणाली. सातपूरला तिचं वर्कशॉप होतं. तिशीची असेल. नखं अगदी मुळापर्यंत कापलेली. "पहिला, फक्त पुढचा भाग. बॉनेट, बंपर, आरसे, पुढची मडगार्ड. दुसऱ्यात दारं पण येतात. तिसरा म्हणजे अख्खी गाडी."

"आणि तुला तिसरा विकायचाय."

"नाही, पहिला. शहरात फिरणाऱ्या गाडीला तेवढा पुरतो. खडी समोरूनच येते ना?"

विकणारी बाई कमी विकत होती. मला जास्तच संशय आला. मी तिला बसवून सगळं विचारून घेतलं.

फिल्म पॉलियुरेथेनची. तिच्या वरच्या थराला ऊब मिळाली की त्याचे रेणू सरकून पुन्हा जागेवर बसतात, म्हणून बारीक ओरखडे आपोआप बुजतात. हे जुनंच तंत्र. नवीन होतं ते आतलं. दोन थरांच्या मध्ये केसाहून पातळ असा एक पडदा होता. तो दाबला की त्यात इवलीशी वीज तयार होते. गॅसच्या लायटरमध्ये खटका दाबल्यावर ठिणगी उडते, ती याच तत्त्वावर. या पडद्यावर सूक्ष्म तारांची जाळी होती. त्यामुळे गाडीला कुठे, किती दाबाने, किती वेगाने हात लागला याची नोंद होई आणि ती मोबाइलवर दिसे. धक्का कुणी मारला यावरची भांडणं मिटावीत, म्हणून विमा कंपन्यांनीच हा प्रकार आणला होता.

"म्हणजे बोटांचे ठसे?" मी विचारलं.

"ठसे घ्यायला कायद्याने बंदी आहे. फोटोलाही. फिल्म फक्त हाताची चाल ओळखते. आपलं अक्षर असतं ना, तसं. प्रत्येकाची हात ठेवायची, टेकायची, सरकवायची पद्धत वेगळी असते. पहिले तीन दिवस गोंद सुकतो, त्या तीन दिवसांत घरच्यांनी गाडीला भरपूर हात लावायचा. फिल्म तेवढे हात शिकून घेते. त्यांना 'घरचा हात' म्हणते आणि त्यांची नोंद दाखवत नाही. बाकी सगळे 'अनोळखी हात'."

"चुकत नाही?"

"हात मोडला, प्लास्टर असलं, तर चुकते. चाल बदलते ना. मग परत तीन दिवस शिकवायचं."

प्लास्टर तर आमच्या घरात कुणाला नव्हतं. मी पहिला प्रकार घेतला. निघताना ती म्हणाली, "परवा दसरा आहे. पूजा कराल तेव्हा हळद नका लावू हं, काका. हिच्यावर डाग पडतो, तो काही बुजत नाही."

हा निरोप मी घरी दिला. बायकोने, हेमांगीने, ऐकला आणि सोडून दिला. दसऱ्याला गाडीला हळद लावायची नाही म्हणजे काय? तिने झेंडूचा हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली आणि बॉनेटवर ओल्या हळदीचं स्वस्तिक काढलं, त्यावर कुंकवाचे चार ठिपके. हेमांगी शाळेत भूमिती शिकवायची. फळ्यावर पट्टीशिवाय सरळ रेघ मारणारी बाई म्हणून तिची ख्याती होती. स्वस्तिक अगदी मधोमध, चारही हात सारखे. मोबाइलवर आलं : घरचे हात दोन, ओळख पूर्ण.

हळद पुसली, पण डाग राहिला. आमचं पार्किंग इमारतीच्या पोटात आहे, तिथे ऊन येत नाही, तो उडणार कसा? मी महिनाभर कुरकुर केली. फिकट पिवळं स्वस्तिक निळ्या बॉनेटवर दिसतच राहिलं.

"शुभ आहे, राहू दे," हेमांगी म्हणायची.

नऊ महिने काही झालं नाही. मांजराचे पंजे, शेजारच्या गाडीचं दार, एकदा कुणाची तरी सायकल. फिल्म सगळं सांगायची आणि मी रोज सकाळी पेपरच्या आधी ते वाचायचो.

जुलैतल्या एका गुरुवारी नोंद आली : *अनोळखी हात. डावं मडगार्ड. अकरा वाजून आठ मिनिटं. चार बोटं, मागून पुढे, हळू.*

दर सोमवारी आणि गुरुवारी साडेदहाला मी वाचनालयात जातो. आणि त्याच दिवशी अकराच्या सुमारास हेमांगी घरातून निघते. जूनपासून तिने पेटीचा वर्ग लावला होता. साठी उलटल्यावर पेटी? मला तेव्हाच नवल वाटलं होतं. घरात पेटी नाही, मग सराव कुठे करते, असं विचारलं तर म्हणाली, "तिथेच असते पेटी."

सोमवारी पुन्हा नोंद. अकरा वाजून दहा. पुढच्या गुरुवारी अकरा वाजून सात. तीच चार बोटं.

चोर गाडीभोवती घुटमळतो, काचेवर हात ठेवतो, दाराची मूठ ओढून बघतो. हा हात तसलं काही करत नव्हता. तो अगदी सावकाश, लाडाने म्हणावं तसा गाडीवरून फिरत होता. आणि बरोबर त्याच वेळी फिरत होता, जेव्हा माझी बायको खाली उतरायची.

मी वॉचमनला गाठलं. सोमनाथ गांगुर्डे, निफाडकडचा, आठ वर्षं आमच्या गेटवर आहे.

"गुरुवारी अकराला पार्किंगमध्ये कोण येतं रे?"

"कोनी नाही येत, साहेब."

"नीट आठव."

"कोनीच नाही. मॅडम जात्या तेवढ्याच. त्यांची रिक्षा उभी राहाती ना बाहेर."

"कॅमेऱ्यात काय दिसतं?"

"तुमची गाडी खांबाआड लागती, साहेब. कॅमेऱ्यात निस्तं गेट दिसतं." मग तोच म्हणाला, "मॅडमची तब्येत बरी हाये ना?"

हा प्रश्न मला खटकला. साक्षीदार विषय बदलतो तेव्हा तो काहीतरी लपवत असतो. माझ्या वहीत मी सोमनाथच्या नावापुढे फुली मारली. हेमांगी दिवाळीला त्याच्या घरी फराळ पाठवायची, तेही मला तेव्हा आठवलं.

मी सातपूर गाठलं.

"दारं पण करून टाक," मी म्हणालो.

तेजस्विनीने मोबाइल तिच्या यंत्राला जोडला आणि जुन्या नोंदी पाहिल्या. "एवढी गरज नाहीये, काका. कुठे काही लागलेलं नाही."

"मला लागलंय."

ती हसली. मग स्क्रीनकडे बघत म्हणाली, "एक गंमत आहे. पहिले सहा-सात महिने घरचे दोन हात होते. एप्रिलपासून एकच दिसतोय. काकू गाडीला हात नाही का लावत हल्ली?"

"ती हल्ली गाडी चालवत नाही. रिक्षाने जाते."

हे मी सहज बोलून गेलो आणि घरी येता येता मला ते टोचायला लागलं. तीस वर्षं गाडी चालवणारी बाई एकाएकी रिक्षाने का जायला लागली? गाडी गेली की कुठे गेली ते मोबाइलवर दिसतं. रिक्षा कुठे गेली ते दिसत नाही.

एकदा संशय घेतला की खुणा आपण होऊन पायाशी येतात, हा माझा धंद्यातला अनुभव. आता घरातल्या येऊ लागल्या. हेमांगी बोलताना माझ्या डोळ्यांत बघत नव्हती. नजर माझ्या कानाशी, नाहीतर खांद्याशी. मी समोर गेलो की ती मान किंचित वळवायची. मोबाइल कानाला लावून काहीतरी ऐकत बसायची आणि मी खोलीत शिरलो की पटकन बंद करायची. पेपर वाचायचं सोडलं होतं, तरी संध्याकाळी मला विचारायची, "काय विशेष आज?" एकदा मी मुद्दाम लाइटचं बिल तिच्यापुढे धरलं. म्हणाली, "चष्मा आत आहे. तुम्हीच बघा ना." स्वयंपाकात मीठ दोनदा पडलं. लक्ष ठिकाणावर नाही. कुठे आहे, ते मी ठरवून टाकलं होतं.

लग्नाला छत्तीस वर्षं झाली होती. माझ्या तुसड्या स्वभावासकट तिने मला सांभाळून घेतलं होतं. ती गेली तर माझ्याजवळ एक गाडी, एक वही आणि वाचनालयाचं कार्ड उरलं असतं. भीती वाटत होती, हे आता कबूल करतो. तेव्हा मी त्या भीतीला चौकशी असं नाव दिलं होतं.

दारांवर फिल्म लागली तशी त्या हाताची वाट लांबली. आता कळलं की बोटं आधी डाव्या मागच्या दारावर येतात, मग पुढच्या दारावर, मग मडगार्डवर, आणि गाडी संपते तिथे अर्धा सेकंद थांबून उचलतात. मागच्या दाराच्या अलीकडे काय होतं ते दिसत नव्हतं. मला ते सहन होईना. पंधरा दिवसांनी पुन्हा तेजस्विनीकडे.

"अख्खी," मी म्हणालो.

"काका, अख्ख्या गाडीला लावून तुम्ही काय वाचवणार आहात?"

"ते माझं मी बघतो."

तिने लावून दिली. साबणाचं पाणी मारत, रबरी पट्टीने बुडबुडे काढत, दोन दिवस राबली. काम झाल्यावर मला म्हणाली, "कडेवरून नख फिरवून बघा. लागते का? आमच्या धंद्यात कड बोटाला लागली की काम वाया." खरंच लागत नव्हती.

आता मला सगळी वाट दिसू लागली. मागच्या दिव्यापासून पुढच्या दिव्यापर्यंत, डाव्या बाजूने, सोमवार आणि गुरुवार. मी माझ्या जुन्या पद्धतीने अहवाल लिहायला घेतला. निरीक्षण, मोजमाप, निष्कर्ष. हात कुठल्या उंचीवर टेकतो त्यावरून माणसाची उंची काढली. दोन नोंदींमधल्या वेळावरून चाल काढली. हात पुरुषाचा की बाईचा ते फिल्म सांगत नाही. पण बाई असेल असं मला एकदाही वाटलं नाही, कारण मी एका पुरुषालाच शोधत होतो.

कुणी म्हणेल, एखाद्या गुरुवारी वाचनालयाला दांडी मारून खांबाआड उभं राहायचं. पाच मिनिटांचं काम. आज मलाही तेच वाटतं. पण जन्मभर मी अपघात झाल्यावरच पोचलो होतो. समोर घडताना बघायचं असतं, हे मला सुचलंच नाही.

दसऱ्यापर्यंत थांबायचं आणि पूजा झाली की अहवाल तिच्या हातात ठेवायचा, असं ठरवलं. सणाच्या दिवशीच का? तर त्या दिवशी ती घरात असणार आणि खोटं बोलणार नाही, असा माझा हिशेब.

दसऱ्याला सकाळी आम्ही दोघं खाली गेलो. माझ्या झब्ब्याच्या खिशात एकीकडे अहवाल, दुसरीकडे मोबाइल. मी हार बांधला, लिंबं ठेवली. हेमांगी तबक घेऊन बॉनेटपाशी उभी राहिली.

तिने कुंकू कालवलं. मग डावा हात बॉनेटवर ठेवला आणि बोटं पसरून सावकाश फिरवली, या कडेपासून त्या कडेपर्यंत.

माझ्या खिशात मोबाइल थरथरला.

मी तो काढला. *अनोळखी हात. बॉनेट. चार बोटं, डावीकडून उजवीकडे, हळू.*

मी आधी मागे वळून पाहिलं. खरंच पाहिलं. खांबाआड, भिंतीशी, गेटकडे. पार्किंगमध्ये आमच्या दोघांशिवाय कुणी नव्हतं.

हेमांगीने उजव्या हाताचं बोट कुंकवात बुडवलं आणि स्वस्तिक काढायला सुरुवात केली. पहिली रेघ तिरकी गेली. दुसरी तिला मधोमध छेदायला हवी, ती खालच्या टोकाला छेदून गेली. गेल्या वर्षीचं पिवळं स्वस्तिक शेजारी स्वच्छ दिसत होतं, त्यावरून मी महिनाभर डोकं खाल्लं होतं. नवं स्वस्तिक त्याच्यापासून वीतभर डावीकडे गेलं होतं आणि त्याचा एक हात जुन्यावर आडवा चढला होता. तिने चार ठिपके दिले. दोन स्वस्तिकाच्या बाहेर पडले.

मोबाइल हातात थरथरत होता. अनोळखी हात. अनोळखी हात. अनोळखी हात.

तिने मान किंचित वळवून माझ्या खांद्याकडे पाहिलं. "जमलं का?"

मी मोबाइलवरची नोंद पुन्हा वाचली.

"अहो? काय वाजतंय मघापासून?"

"मोबाइल," मी म्हणालो. "गाडीला कुणीतरी अनोळखी माणसाने हात लावलाय, म्हणतोय."

"कुणी?"

"तू."

तबक तिने बॉनेटवर ठेवलं. ठेवताना आधी करंगळीने जागा चाचपली. हे ती किती दिवस करत होती कुणास ठाऊक. मी रोज तिच्यासमोर जेवायला बसत होतो.

"मधलं दिसत नाही," ती म्हणाली. "कडेचं दिसतं थोडं. तुमच्याकडे सरळ पाहिलं तर तुमचं तोंडच गायब होतं, म्हणून कानाकडे बघते. डोळ्यांचा पडदा गेलाय. आईचाही असाच गेला होता. डोळ्यांत इंजेक्शनं झाली, फार उपयोग नाही. इथे पार्किंगमध्ये तर अंधारच. लिफ्टमधून बाहेर आले की आपली गाडी हाताला लागते. तिला धरून पुढे आलं की गेटचा उजेड येतो."

"आणि पेटी?"

"पेटी कुठली? ब्रेल शिकतेय. बोटांनी वाचायला. सोमवार आणि गुरुवार." तिने उजवा हात पुढे केला. "मास्तर म्हणतात, बोट दाबायचं नाही, नुसतं सरकवायचं. चार महिन्यांत हातच बदलला बघा माझा."

चाल बदलली की फिल्म ओळखत नाही, हे मला तेजस्विनीने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. फिल्मला एक वेळ क्षमा होती. तिची आणि या हाताची ओळख तीन दिवसांची. माझी छत्तीस वर्षांची.

"सोमनाथला माहीत होतं?"

"एकदा पायरी चुकले तेव्हा त्याने धरलं. सांगू नकोस, म्हटलं मी." तिने कान टवकारले. "तुमच्या खिशात आणखी काहीतरी चुरचुरतंय. काय आहे?"

"कागद."

"कसला?"

खोटं बोलायचं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. पण मी लोकांचं खोटं पकडत आलो, मला स्वतःला ते नीट जमत नाही. "अहवाल," मी म्हणालो. "तुला द्यायचा होता."

"मग वाचून दाखवा. मला नाही वाचता येणार."

आयुष्यात मी हजारो अहवाल लिहिले. मोठ्याने वाचायची वेळ एकदाच आली. पार्किंगमध्ये, झेंडूच्या हाराशेजारी उभं राहून मी वाचला.

"संशयित व्यक्तीची उंची पाच फूट दोन ते तीन इंच."

"बरोबर," हेमांगी म्हणाली.

"गाडीच्या डाव्या बाजूने, उजव्या हाताने. चाल संथ, घाई नाही."

"बरोबर."

"व्यक्ती या जागेला सरावलेली आहे. कुठे थांबायचं ते तिला ठाऊक आहे. गाडीच्या टोकाशी अर्धा सेकंद थांबते."

"तिथून पुढे सात पावलं धरायला काही नसतं," ती म्हणाली. "जीव गोळा करते. पुढे?"

"पुढे निष्कर्ष."

"वाचा की."

"सदर व्यक्ती त्रयस्थ पुरुष असून, घरातील व्यक्तीच्या संमतीने येत आहे."

तिने हारातलं एक झेंडूचं फूल चाचपून सरळ केलं. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

"सगळं बरोबर वाचलंत," ती शेवटी म्हणाली. "फक्त माणूस चुकला."

"तू मला सांगितलं का नाहीस, हेमा?"

"तुम्ही माझा सर्व्हे केला असता. किती टक्के गेलं, किती राहिलं, कधी पूर्ण जाणार. वहीत रोज लिहिलं असतं. मला एवढ्यात भंगारात निघायचं नव्हतं. म्हटलं, आधी शिकून घेते, मग सांगते. तोवर मला धडधाकट बाई म्हणून राहू दे." तिने चाचपत तबक जवळ ओढलं. "आणि इथे तुम्ही मला बाहेरख्याली ठरवून मोकळे."

मी तिची क्षमा मागितली. ती म्हणाली, "आत्ता नाही," आणि तबक उचलून लिफ्टकडे गेली. गाडीला हात न लावता, भिंतीच्या बाजूने. त्या दिवशी श्रीखंड वाटीतच राहिलं.

आठ दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. मी अहवाल फाडला. मग वही फाडली. सोमनाथची माफी मागितली, तर तो बिचारा माझ्याहून जास्त ओशाळला. नवव्या दिवशी हेमांगी म्हणाली, "त्या मुलीकडे चला. मी येते."

सातपूरला तेजस्विनीने सगळं ऐकून घेतलं. रबरी पट्टी हातात फिरवत म्हणाली, "सोपं आहे, काका. काकूंचा हात परत शिकवू. तीन दिवसांत फिल्म ओळखायला लागेल."

"नको," मी म्हणालो. "काढून टाक."

"किती?"

"अख्खी."

"थांबा," हेमांगी म्हणाली. तिने गाडीच्या मागच्या दिव्यावर बोट ठेवलं. "मुली, तुझ्या कामात कड हाताला लागत नाही म्हणे?"

"अजिबात नाही, काकू."

"मला लागणारी पाहिजे. साधी फिल्म, ती चुगलखोर नको. बोटभर रुंद पट्टी, एकावर एक तीन थर. इथून, या डाव्या बाजूने, थेट पुढच्या दिव्यापर्यंत. अगदी सरळ. आणि गाडी संपते तिथे एक जाड ठिपका."

तेजस्विनीने माझ्याकडे पाहिलं. "काका, हे बघून लोक म्हणतील, खैरनारला फिल्म लावता येत नाही."

"नाव माझं सांग," मी म्हणालो.

गाडीवरची सगळी फिल्म सोलून निघाली. पिवळं स्वस्तिकही तिच्याबरोबर गेलं, आणि ते गेल्याचं मला वाईट वाटलं. मग तेजस्विनीने पट्टी लावली. हेमांगीने तीनदा बोट फिरवून पाहिलं आणि दोन ठिकाणी ती वाकडी गेल्याचं दाखवून दिलं. मला तर डोळ्यांनी दिसलं नव्हतं. तेजस्विनीने मुकाट्याने ती पुन्हा लावली.

पुढच्या गुरुवारी मी वाचनालयात गेलो नाही. अकराला जिना उतरून खाली आलो आणि गाडीच्या पुढच्या टोकाशी, त्या ठिपक्यापलीकडे एक पाऊल सोडून उभा राहिलो. मोबाइल घरी ठेवला होता.

लिफ्टचं दार उघडलं. हेमांगी बाहेर आली. तिचा हात हवेत जरासा पुढे झाला, मागच्या दिव्याला लागला आणि पट्टीवर आला. मग ती चालू लागली. मागचं दार, पुढचं दार, मडगार्ड. महिनोनमहिने मी जे आकड्यांत वाचलं होतं, ते आता समोर चाललं होतं. त्यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. एक बाई आपल्या गाडीला धरून वर्गाला निघाली होती.

ठिपक्याशी ती थांबली. अर्धा सेकंद. मग तिने हात उचलून पुढे केला, आणि मी माझा पुढे केला.

तिची बोटं माझ्या मनगटावर आली. दचकली नाहीत. घड्याळाचा पट्टा, हाडाचं टेंगूळ, तळहात असं सगळं तिने सावकाश चाचपलं.

"घरचाच दिसतोय," ती म्हणाली.

"नीट तपासून घे," मी म्हणालो.